पवईला नंबर लागेल का?

जेईई मेनचा जानेवारीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत कुणीतरी पालक पेढ्यांचा पुडा घेऊन घरी येतात. मुलाला किंवा मुलीला ९९ पर्सेंटाइल मिळालेले असतात. हातावर पेढा ठेवून होतो न होतो तोच प्रश्न येतो, "मॅडम, आता पवईला नंबर लागेल ना?" पवईला म्हणजे मुंबईच्या आयआयटीत. बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आहे, तरी त्या क्षणी खरं उत्तर देणं जड जातं. मी ते त्याच दिवशी देते. मुलाच्या हातात अजून तीन महिने असतात आणि ते कसे घालवायचे हे त्या उत्तरावर ठरतं.

९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९९ टक्के मुलं तुमच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली दोन्ही सत्रं धरून सुमारे १४ लाख मुलं मेनला बसली होती. १४ लाखांचा एक टक्का १४ हजार. म्हणजे तुमच्या पुढे जवळजवळ १४ हजार मुलं उभी आहेत. ९९.९ असतील तर चौदाशे. दशांश चिन्हानंतरचा तो एकटा नऊ बारा हजारांहून जास्त मुलांना ओलांडून जातो. बोर्डाच्या टक्केवारीची सवय असलेल्या घरात हे पटायला वेळ लागतो, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडूनच दाखवते.

शिवाय मेन हा आयआयटीसाठी फक्त दरवाजा आहे. सगळे प्रवर्ग मिळून वरची अडीच लाख मुलं पुढच्या परीक्षेला, म्हणजे जेईई अॅडव्हान्स्डला पात्र ठरतात, आणि आयआयटीचा रँक निव्वळ अॅडव्हान्स्डच्या दोन पेपरांवर लागतो. मेनचे गुण त्यात धरलेच जात नाहीत. मेनचा रँक कामी येतो तो एनआयटी आणि ट्रिपल आयटींसाठी. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे तो पेढा वाया गेलेला नसतो. फक्त त्याचा पवईशी थेट संबंध नसतो.

आता शक्यता मोजायची कशी? क्लासच्या जाहिरातीत "शंभरात एकाला आयआयटी" असं छापलेलं असतं. हा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही. १४ लाखांत सहज फॉर्म भरून बसलेली कितीतरी मुलं असतात. त्याच वर्षी, २०२४ ला, अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर देणारे होते १,८०,२००. त्यांतल्या ४८,२४८ जणांना रँक मिळाला आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे "मुलगा अॅडव्हान्स्ड क्वालिफाय झाला" या वाक्यानंतरही एका जागेमागे जवळजवळ तीन मुलं उरतात. दरवर्षी काही घरांमध्ये या टप्प्यावर स्टेटस लागतात, हार घातले जातात आणि महिन्याभराने घरात शांतता पसरते. ती शांतता मुलाला सोसावी लागते, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

पवईच्या सगळ्या शाखा मिळून जागा साडेतेराशेच्या आसपास. त्यातून अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती ७.५, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस १० टक्के वजा केले की खुल्या गटाला ४०.५ टक्के उरतात, म्हणजे साडेपाचशेच्या घरात. त्याही शाखाशाखांत वाटलेल्या. खुल्या गटातून कॉम्प्युटर सायन्सला गेल्या काही वर्षांत शेवटचा रँक साठ ते सत्तरच्या दरम्यान थांबतो. सिव्हिलला तोच रँक चार हजारांच्या आसपास जातो. एकाच आवारातल्या दोन इमारतींमध्ये एवढं अंतर आहे. तेव्हा "पवईला नंबर लागेल का" या प्रश्नाचे तीन प्रश्न करा. कुठली शाखा? मुलाचा गट कोणता? आणि तुम्ही कुठला रँक गृहीत धरताय? तिन्हींची उत्तरं नसतील तर कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी तो अंदाज नसतो, धीर देणं असतं.

गटाबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे हातची जागा जाते. जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा लाभ घ्यायचा असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयातून राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला नॉन क्रिमी लेयरचा दाखला तिथे चालत नाही. शिवाय ओबीसी नॉन क्रिमी लेयर आणि ईडब्ल्यूएस हे दोन्ही दाखले त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे मागतात. एप्रिल-मे म्हणजे सेतू केंद्रांवरची गर्दी, सुट्ट्या, सर्व्हर बंद. मूल अभ्यासात गुंतलेलं असतं, तेव्हा हे काम घरातल्या मोठ्यांनी आपल्याकडे घ्यावं. राज्याचा एसईबीसी प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात नाही, हेही पुष्कळांना जागावाटपाच्या वेळीच कळतं. त्या कुटुंबांनी उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या निकषात बसत असल्यास ईडब्ल्यूएसचं बघावं. आणि ज्यांच्याकडे प्रवर्गाचा रँक आहे त्यांनी शेवटच्या रँकचा तक्ता पाहताना आपल्या प्रवर्गाची ओळ प्रवर्गाच्या रँकशीच जुळवावी. सामायिक यादीतला रँक आणि प्रवर्गाच्या यादीतला रँक यांची सरमिसळ करून निराश झालेले वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलीला जागा सहज मिळणार होती.

मुलींसाठीचा वेगळा गट २०१८ पासून आहे. २०२० पासून किमान २० टक्के जागा मुलींना मिळाव्यात म्हणून जादा जागा त्यात घातल्या जातात. मुलांच्या जागा काढून त्या दिलेल्या नाहीत, हे नातेवाइकांना ठामपणे सांगा. मुलींनी तक्त्यातल्या दोन्ही ओळी पाहायच्या असतात, फक्त मुलींसाठीची आणि सर्वांसाठीची. दोन्हींचा शेवटचा रँक सारखा नसतो, आणि वरच्या शाखांत तर फरक मोठा असतो.

राहिला तिसरा प्रश्न, रँक कुठला धरायचा. इथे पालक क्लासच्या चाचणीतला रँक घेऊन येतात. क्लासच्या परीक्षेला देशातली सगळी मुलं बसलेली नसतात, आणि जी बसतात त्यांत वरच्या फळीतली किती हे आपल्याला माहीत नसतं. त्या रँकला पाचाने गुणा की पन्नासाने, कुणाला सांगता येणार?

मला पटलेली पद्धत साधी आहे, थकवणारी आहे. अॅडव्हान्स्डचे जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. गेल्या पाच वर्षांचे घ्या. पाच रविवार ठरवा. सकाळी नऊ ते बारा पहिला पेपर, दुपारी अडीच ते साडेपाच दुसरा. मधे मोबाइल नाही, उत्तरतालिका नाही, दुपारी झोप नाही. खऱ्या परीक्षेत सहा तास डोकं चालवायचं असतं आणि दुसऱ्या पेपरचा शेवटचा तास कसा जातो हे घरी बसून सोडवलेल्या सुट्या प्रश्नांवरून कधीच कळत नाही.

सांगलीकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीने हे नेटाने केलं. तिच्या वहीत पाच ओळी होत्या, टक्क्यांत : ४१, ३७, ५५, ४३, ३५. वडील म्हणाले, "५५ पडू शकतात म्हणजे कुवत आहे. तेच धरू या." मी तिला विचारलं, तो पेपर आधी पाहिला होतास का? तिने मान हलवली. त्यातले निम्मे प्रश्न क्लासमध्ये सोडवून झाले होते. आम्ही ती ओळ खोडली. उरलं काय, तर ३५ ते ४३. हा तिचा पट्टा. वर ४३, खाली ३५, आणि बेत आखायचा तो खालच्या काठावरून. त्यानंतर तिने आपणहून आणखी एक रकाना आखला, निगेटिव्हने गेलेल्या गुणांचा. प्रत्येक पेपरात वीसच्या आसपास गुण चुकीच्या उत्तरांनी खाल्ले होते, त्यातले बहुतेक दुसऱ्या पेपरच्या उत्तरार्धात. मग उरलेल्या दिवसांत नवीन धडा उघडायचा नाही असं तिनेच ठरवलं. प्रश्न सोडून द्यायला शिकायचं होतं. तिचा निकाल त्या पट्ट्याच्या वरच्या काठाला टेकला. शक्यता मोजण्याचा खरा फायदा मला त्या वहीत दिसला. किती शक्यता आहे ते कळलंच, पण गुण कुठून वाढतील तेही त्याच ओळींनी दाखवलं.

पट्टा हातात आला की तो ज्या-त्या वर्षाच्या निकालाशी ताडून पाहा, कारण गुणांना स्वतःची अशी किंमत नसते. ३६० पैकी १०९ गुण असल्याशिवाय २०२४ मध्ये सामायिक यादीत नाव येत नव्हतं. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, ७४ पुरले. २०२२ ला तर ५५ पुरले होते. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण उतरतात. परीक्षेहून रडत बाहेर आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी "किती येतील?" असं विचारणाऱ्यांना मी हे आकडे सांगते. त्या दिवशी खरंच कुणालाच काही माहीत नसतं. मुलाला जेवू घाला आणि झोपू द्या.

हा पट्टा पाहूनच बाकीचे फॉर्म भरायचे असतात, आणि तेही वेळेत. पट्टा पवईपासून दूर असेल तर ही बाकीची दारं जास्त महत्त्वाची. विज्ञानातच पुढे जायचं असणाऱ्यांसाठी पुण्याची आयसर आहे, तिची वेगळी चाचणी असते. मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आणि भुवनेश्वरची नायसर यांसाठी नेस्ट असते. रेखाटनाचं वेड असलेल्या मुलाला पवईतच बी.डेस. करता येतं, त्याची यूसीड परीक्षा पवईची आयआयटीच घेते आणि तिथे जेईईचा संबंध नाही. गणिताच्या ऑलिम्पियाडमध्ये देशपातळीवर पोचलेल्यांसाठी काही संस्थांनी वेगळी वाट ठेवली आहे, चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूट हे त्यातलं जुनं नाव. आणि राज्यातल्या कॉलेजांसाठीची एमएचटी-सीईटी तर द्यायचीच. सीओईपी १८५४ पासूनची, व्हीजेटीआय १८८७ पासूनची. या संस्थांना "पडलो तर" म्हणून बघणाऱ्यांशी मी भांडते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि वेळेचा ताण जास्त असतो. अॅडव्हान्स्डची तयारी केलेलं मूल सराव न करता तिथे गेलं तर अडखळतं. दोन आठवडे तरी सीईटीचेच पेपर सोडवावेत. बारावीच्या बोर्डाकडेही दुर्लक्ष नको. आयआयटीला बारावीत ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, यांपैकी एक लागतंच. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे.

मग रँक येतो आणि जोसाचा, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित जागावाटपाचा, फॉर्म उघडतो. या फॉर्मबद्दल माझ्या मनात एक सल आहे, तो सांगते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आणि त्याचे वडील माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रिंटआउट पसरून बसले होते. मुलाला एका जुन्या आयआयटीतली एक शाखा मनापासून हवी होती. मागच्या वर्षीचा तिथला शेवटचा रँक त्याच्या रँकच्या अलीकडेच संपत होता. मी म्हणाले, "इथे नाही लागणार तुझा नंबर, काढून टाक. उगीच वरची जागा अडते." त्याने पेन्सिलने ती ओळ खोडली. त्या वर्षी तो आकडा सव्वातीनशेने पुढे सरकला आणि मुलाचा रँक त्याच्या आत होता. पण फॉर्मवर ती शाखाच नव्हती. त्याने मला कधी दोष दिला नाही. मला मात्र ती पेन्सिलची रेघ अजून दिसते.

"वरची जागा अडते" हे माझं वाक्य साफ चुकीचं होतं, आणि आजही अनेक सल्लागारांच्या तोंडी ते आहे. संगणक जागा कशी वाटतो ते नीट समजून घ्या. तो तुमच्या यादीवर वरून खाली येतो आणि तुमच्या रँकला जी पहिली जागा मिळू शकते ती देतो. वरच्या तीस पसंती हुकल्या म्हणून एकतिसावीला कमी हक्क मिळतो असं होत नाही. तुम्ही एखादी शाखा एकतिसावी लिहिली आणि त्याच गटात तुमच्या मागच्या रँकच्या मुलाने तीच पहिली लिहिली, तरी ती जागा आधी तुमची. तुम्हाला वर काहीच मिळालं नाही तर ती तुम्हालाच मिळेल. म्हणून शक्यतेचा हिशेब पसंतीच्या क्रमात घुसू देऊ नका. यादीला मर्यादा नाही. खरोखर काय हवं आहे त्या क्रमाने लिहा, अशक्य वाटणारंही लिहा. फक्त मिळालं तर जाणार नाही असं काही लिहू नका.

शक्यतेचा हिशेब मग कशासाठी? यादी खाली पुरेशी लांब आहे ना, हे पाहण्यासाठी. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे सुरुवातीचे आणि शेवटचे रँक फेरीनिहाय असतात. शेवटच्या फेरीचे बघा, पहिल्या फेरीचे बघून घाबरू नका. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. तिन्ही वर्षी तुमचा रँक आत बसत असेल तर ती जागा बरीचशी पक्की. एखाद्या वर्षी आत, एखाद्या वर्षी बाहेर असेल तर कुंपणावरची. पक्क्या वाटणाऱ्या आणि मुलाला मान्य असलेल्या दहा-बारा जागा तळाशी आहेत याची खात्री करा. नवीन शाखा सुरू झाली, जागा वाढल्या की आजूबाजूचे आकडे हलतात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या एका आकड्यावर विसंबून काहीही खोडायचं नाही.

"जुन्या आयआयटीतली नको असलेली शाखा की नव्या आयआयटीतली हवी असलेली?" या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. मी एवढंच करते. त्या शाखेचा तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून काढून मुलासमोर ठेवते आणि गप्प बसते. वाचताना त्याचा चेहरा बरंच सांगतो. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर मात्र प्रवेश घेऊ नका. ती संधी फार थोड्यांच्या वाट्याला येते.

जागा मिळाली की फ्रीझ, स्लाइड, फ्लोट यांतलं एक निवडायचं असतं. फ्रीझ म्हणजे हीच पक्की, पुढे काही नको. स्लाइड म्हणजे याच संस्थेत यादीत वर लिहिलेली शाखा मिळाली तर घेईन. फ्लोट म्हणजे यादीत वर लिहिलेलं कुठलंही चालेल. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. यादी मनापासून लावली असेल तर फ्लोटला घाबरायचं कारण नाही. तरी अनेक घरांत "हातातली सुटेल" म्हणून पहिल्याच फेरीत फ्रीझ करतात, आणि वर लिहिलेली शाखा पुढच्या फेरीत मागच्या रँकच्या मुलाला मिळते. एक काळजी घ्या. पैसे भरून कागद चढवले की काम संपत नाही. कागदात त्रुटी निघाली तर ऑनलाइन विचारणा येते आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर जागा रद्द होते. त्या दिवसांत देवदर्शनाला किंवा गावी जायचं असेल तर लॉगिन आणि कागद सोबत असू द्या.

आणखी एक वर्ष थांबावं का, हा प्रश्न याच दिवसांत घरात घोळतो. अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा तीनवर नेल्याचं जाहीर झालं आणि दोन आठवड्यांच्या आत निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. आयआयटीतली जागा स्वीकारल्यावर पुन्हा परीक्षेला बसता येतं का, ती कधीपर्यंत सोडता येते, हेही त्यातच असतं. निर्णय घेताना ती पाच रविवारांची वही काढा. निकाल पट्ट्याच्या बराच खाली गेला असेल, आजारपण किंवा घाबरणं हे कारण दिसत असेल, आणि मूल स्वतः म्हणत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. निकाल पट्ट्यातच असेल तर आणखी एका वर्षात पट्टा कशाने वर जाणार, हे मुलाने आपल्या शब्दांत सांगावं. वडिलांच्या शब्दांत नको.

यादी लावून झाली की ती लगेच लॉक करू नका. जोसा आधी नमुन्याचं जागावाटप दाखवतं, ते पाहून क्रम बदलता येतो. नमुन्यात आलेली जागा पाहिल्यावर मूल खुलतं की कोमेजतं, तेवढं बघा. कोमेजलं तर क्रमात कुठेतरी मोठ्यांची पसंती शिरलेली असते. पुन्हा बसा, मुलाला माउस द्या, ओळी वरखाली करू द्या. शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका, तेव्हा संकेतस्थळ रांगतं. लॉक केल्यावर यादीची प्रिंट काढा आणि तिच्यावर मुलाने आणि तुम्ही दोघांनीही तारीख घालून सही करा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावते.